चारबोट्याची जागा

सोमवार, ता. ६

बांधावर चढलो आणि खाली तिच्या घराचं लाल छप्पर दिसलं, त्या क्षणी सगळं वसूल झालं. कॉलेज सोडलं, आईशी कडाक्याचं भांडलो, तिच्या गावात मिळेल ती नोकरी धरली. पण तिची वाळत घातलेली ओढणीसुद्धा इथून ओळखता येईल, हे स्वप्नातही नव्हतं. आता मला इथून कुणी हाकललं तरी हलणार नाही.

काम सोपं आहे. नौकाविहाराचा खासगी तलाव, त्याला मातीचा बांध, त्या बांधाचा मी राखणदार. मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात, कारण पांढरी टोपी. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या की ते बादलीतसुद्धा बुडतील. माझी खोली बांधाच्या पायथ्याशी. खाटेवर पडलं की तलाव डोक्याच्या वर. उतारावर खेकडे बिळं करतात. चिकणमाती मळायची, गोळा बिळात कोंबायचा, मुठीने दाबायचा. झालं.

आधीच्या राखणदाराचं एक बोट बोटीच्या मोटरीत गेलं होतं, म्हणून चारबोट्या. गेल्या पावसाळ्यात एकाएकी दिसेनासा झाला. कॅप्टन म्हणतात पळाला. पण त्याचे गमबूट खाटेखालीच आहेत. मला अगदी मापात बसले.

मंगळवार, ता. ७

तिने मला पाहिलं, आत गेली आणि दार लावलं. म्हणजे ओळखलं तरी! रविवारी तिचं लग्न आहे, घरच्याच अंगणात. मावशींनी ही बातमी भात वाढता वाढता दिली. जेवण तसंच टाकून उठलो.

त्याच रविवारी तलावात शर्यती. जास्तीचं पाणी वाहून जायला बाजूला सांडवा आहे, तर त्यात कॅप्टननी फळ्या ठोकून जाळी लावलीय: मासे पळू नयेत आणि बोटी तळाला घासू नयेत. मग पाऊस झाला तर पाणी जाणार कुठून, असं मी विचारलं. आधी बोटी बांधायला शिक, म्हणाले.

माझ्या दारासमोर बांधाला एक भोक आहे, त्यातून पाणी झिरपतं. दोन वर्षं इंजिनिअरिंगच्या वर्गात मी तिची वेणीच बघत होतो, तरी एवढं डोक्यात राहिलंय: पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवा, गढूळ असेल तर आतली माती चाललीय, पळा. नितळ आहे. गोळा कोंबला.

गुरुवार, ता. ९

वरच्या अंगाला धो धो पाऊस. सकाळी माझा गोळा दारात पडलेला होता. एका बाजूला माझ्या हाताचा ठसा, साहजिकच. उलटा केला. दुसऱ्या बाजूलाही पंजा उमटलेला, आतून दाबल्यासारखा. करंगळीशेजारचं बोट नाही.

कुणीतरी थट्टा करतंय. सापडला तर कानाखाली जाळ काढीन. तोच गोळा परत कोंबला, चार लाथा घातल्या.

शुक्रवार, ता. १०

पाणी गढूळ.

पहार घेऊन सांडव्याच्या फळ्यांना भिडलो. फुगून घट्ट बसल्यात, तसूभर हलेनात. कॅप्टननी पहार हिसकावून घेतली, रविवार झाला की चालता हो म्हणाले. पाटबंधारे कचेरीत फोन केला. तलाव खासगी आहे, सोमवारी लेखी अर्ज आणा, म्हणाले.

मग तिच्या घरी पळालो. सगळी आळी ऐकेल असं ओरडून सांगितलं की घर सोडा, बांध फुटतोय. तिच्या दादाने गचांडी धरून फाटकाबाहेर काढलं. तिने खिडकीतूनच विचारलं, लग्न मोडायला आता धरण फोडणार का? आतल्या बायका हसल्या.

मावशींना गोळ्याचं सांगितलं. त्यांच्या हातातली पळी तिथेच थांबली. गेल्या वर्षीही असंच गढूळ पाणी आलं होतं म्हणाल्या. चारबोट्या दिसेनासा झाला, त्याच दिवशी थांबलं. मग सामान घेऊन बहिणीकडे निघून गेल्या. मलाही चल म्हणाल्या.

शनिवार, ता. ११

गेलोच होतो. मरू दे सगळी, असं म्हणत पिशवी उचलली, वळणापर्यंत पोचलो. मागे वळून पाहिलं. तिच्या अंगणात मांडव घालत होते. आणि भोकातून मनगटाएवढी धार.

परतलो. माती थांबेना, पोती थांबेनात. शेवटी हातच घातला. कोपरापर्यंत.

आतून कुणीतरी हात धरला.

ओढला नाही. नुसता धरला, पाहुण्याचा धरतात तसा. चार बोटं. मोजली — आणि पाणी थांबलं. पार थांबलं.

हात सोडवून घेतला की वाहतं. घातला की थांबतं.

तो थकलाय. एकट्याला आवरत नाही —

रविवार, ता. १२

उजाडलं. पाणी काठोकाठ. वर शर्यतींचा भोंगा, खाली तिच्या अंगणात लाउडस्पीकर, पाहुणे जमतायत. मी मध्ये.

पुन्हा खाली ओरडून आलो. दादाने दगड मारला.

भोक आता खांद्याएवढं. माणूस जाईल एवढं —

खोलीची भिंत घामेजलीय. पलीकडून ठोठावतोय. घाईने नाही. जागा करून देतोय, असं वाटतं.

ती हसली आत्ता. इथपर्यंत ऐकू आलं. तिला कधीच कळणार नाही — नको कळायला —

आई, रागाने बोललो ते —

ही वही तुला मिळाली, तर आधी सांडव्याच्या फळ्या काढ. कॅप्टनला विचारत बसू नको. आम्ही दोघं किती दिवस —

आणि तुझा गोळा सकाळी बाहेर पडलेला दिसला, आतून पाचही बोटं उमटलेली असली, तर तो मी. घाबरू नको. फक्त फळ्या —

धार वाढली. गमबूट घातले. निघतो. दार बाहेरून ओढून घेतो, म्हणजे निदान वही तरी भिज