गाढवाची सीडी

३ डिसेंबर २०२५
गंजलेला हापसा सुरू व्हावा तशी सुरुवात आणि हुंदक्यात शेवट. सातवीच्या वर्गातल्या कॉम्प्युटरमधलं ते गाढव! सकाळी चहा घेताना अचानक कानात ओरडलं. डोळे भरून आले.

‘काव्यक्रीडा’ नावाची सीडी. कविता माझ्या, आवाज माझा. ओळीत एक शब्द गाळलेला, मुलाने तो टाइप करायचा. बरोबर आला तर घंटा, चुकला तर गाढव, आणि तेवढा वेळ बाकावर उभं राहायचं. स्पीकर मी फुल ठेवायचो. अख्खा वर्ग हसायचा. जो चुकला त्याच्या तर डोळ्यांतून पाणी यायचं, इतकं हसू.

फेसबुकवर माझा विद्यार्थी सुयश याने टाकलंय, २००५च्या दहावीच्या बॅचचा २८ तारखेला शाळेत मेळावा, सर्व शिक्षकांचा सत्कार. संकल्प: त्या दिवशी पडद्यावर ‘काव्यक्रीडा’. मुलं वेडी होतील.

५ डिसेंबर
आमच्या मुलीने, मोहिनीने, तिचा जुना लॅपटॉप मला दिलाय. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. सीडी विंडोजची. दोन दिवसांचं काम.

लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. एम. जी. रोडवरून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी मात्र सापडेना. उत्तरा म्हणाली, ती होय, तिच्यावर मी तेलाची बाटली ठेवते. सहचारिणीने एका कवीच्या आयुष्याचं काय केलं! साबणाने धुतली.

८ डिसेंबर
लिनक्सवर विंडोजच्या वस्तू चालवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याचं नाव वाईन. नाशिकमध्ये हे नाव जपून घ्यावं लागतं.

दुपारी सीडी उघडली! कविता नाही, नुसते चौकोन. पण त्या चौकोनांनाही एक लय होती. चालीवर म्हणून पाहिले.

कोंडाजी सरांना सत्काराचा फोन आला म्हणे. पीटीचे शिक्षक, त्यांना आधी सांगावं लागतं, विसरतात. मला अजून नाही. अध्यक्षांना शेवटी कळवण्याची पद्धत आहे.

११ डिसेंबर
मोहिनीला पुण्याला फोन केला. तीही त्याच बॅचची. म्हणाली, बाबा, ऑफिसात वर्षअखेरची कामं आहेत, मी काही येत नाहीये. सुयशला माझी आठवण करून दे म्हटलं, तर म्हणाली, माझा कोणाशी संपर्क नाही. आणि बाबा, त्या सीडीचा नाद सोडा ना.

बिचारी. पगार आला की कविता जाते. वर्गात मी तिला कधी सूट दिली नाही. उलट रोज सगळ्यांत आधी तिलाच उठवायचो, म्हणजे कोणी पक्षपात म्हणायला नको. पुढे तर सगळी शाळा तिला त्या गाढवाच्या आवाजानेच हाक मारायची. अशी लोकप्रियता कुठल्या मास्तरच्या मुलीला मिळते!

१५ डिसेंबर
जुना फॉन्ट मिळवून टाकला. चौकोन गेले, कविता आली!

‘पहाट झाली, धुके वितळले, ____ उडाली दूर.’

टाइप केलं, पाखरे. गाढव.

पुन्हा, पाखरे. गाढव.

माझी ओळ. माझा शब्द.

१६ डिसेंबर
पक्षी, फुलपाखरे, पाने, स्वप्ने. गाढव, गाढव, गाढव, गाढव. माझा आवाज येतच नाही, फक्त ते येतं.

उत्तरा भाजी निवडत होती. म्हणाली, नशीबवान आहात, मुलांना उभ्याने ऐकावं लागायचं.

खालच्या लताबाई वर आल्या. सर, पाळलंयत तर चारा तरी घाला, दुपारभर ओरडतंय. यांना काव्याचं काय!

१९ डिसेंबर
इंटरनेटवर प्रश्न विचारला होता. एका सद्गृहस्थाने उत्तर दिलंय की ही सीडी फक्त तिच्या काळच्या टायपिंगला ओळखते. आजच्या मराठीत लिहिलेलं सगळंच तिला चूक. शब्द बरोबर असला तरी.

उद्धटपणा. उत्तर दिलं नाही.

२२ डिसेंबर
निर्णय: गाढव तर गाढव. मुलांना तेच जास्त आठवत असणार. मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि सुयशला पाठवला. खाली लिहिलं, ‘तयारी पूर्ण आहे. गाडी किती वाजता पाठवता?’

दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे पाहिला. उत्तर नाही. भारावला असणार.

२५ डिसेंबर
सुयशला फोन. उचलला नाही. कार्यकर्ता माणूस, धावपळीत असतो.

भाषण तयार. ‘तुम्ही चुकलात, म्हणून आपण हसलो, आणि हसलो, म्हणून आज तुम्ही इथे आहात.’ आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटी टाळ्याही वाजवल्या.

२७ डिसेंबर
कोट इस्त्री करून आणला. उत्तरा गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होती. मला पाहून ‘ठेवते’ म्हणाली. विचारलं तर म्हणाली, राँग नंबर. राँग नंबरशी पाऊण तास! समजलो. सरप्राइज आहे. परस्पर घरी येऊन नेणार.

२८ डिसेंबर, सकाळ
आंघोळ, कोट, अत्तर. लॅपटॉप चार्ज. कार्यक्रम अकराला. सोफ्यावर बसून लिहितोय.

दुपार
सत्काराचा भाग जेवणानंतर असेल. उत्तरा म्हणाली, कोट काढा, पोळ्या गरम आहेत. कोट घालूनच जेवलो.

साडेतीन
कोंडाजी सरांनी फोटो पाठवलाय. शाल, श्रीफळ. नेमका हलला आहे.

रात्र
सहाला बेल वाजली. उत्तराला म्हटलं, बघ, उशीर झाला, पण आले की नाही? लॅपटॉप काखेत घेऊनच दार उघडलं.

मोहिनी. जांभळी पैठणी, केसांत गजरा. पदरावर रिबनचा बिल्ला, ‘स्वागत समिती’.

म्हटलं, अगं, तू तर पुण्यात! तूच आलीस होय मला न्यायला? थांब, बूट घालतो.

म्हणाली, चारलाच संपलं, बाबा.

चप्पल काढली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत ये म्हटलं तर मान हलवली, गाडी खाली थांबलीये म्हणाली. उत्तरा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, नळ मात्र बंद झाला. मी म्हटलं, असू दे गं, सुयशच्या हातून राहिलं असेल, एवढ्या लोकांत एखादा फोन राहतो.

ती म्हणाली, शिक्षकांना फोन मी केले, बाबा. सगळ्यांना. बाकीच्यांचे नंबर शोधावे लागले, तुमचा तेवढा पाठ होता.