नंदा, आज निम्मं ॲसिड काढलं

प्रिय नंदा,

आज टाकीतलं निम्मं ॲसिड काढलं. तुला सांगितल्याशिवाय घरी जावंसं वाटेना, म्हणून ऑफिसात बसून लिहितेय. इतकी वर्षं टाकी उपसायची म्हटलं की आधी तुझ्याशी भांडण ठरलेलं. या वेळी भांडायलाच कुणी नव्हतं. फार सुनं वाटलं गं!

अंबडच्या या शेडमधली आपली वाटणी किती सोपी होती! तू ऑर्डरी आणायचीस, मी टाकी सांभाळायचे. तू गिऱ्हाइकाला हो म्हणायचीस, मी तुला नाही म्हणायचे. तू गेल्यापासून हो आणि नाही, दोन्ही माझ्याच गळ्यात पडलंय. दमले मी.

सोमवारी तपासलं तर ॲसिडमधलं विरघळलेलं ॲल्युमिनियम बरंच चढलेलं. तुला किती वेळा समजावलं असेल! हार्ड ॲनोडायझिंगने जॉबवर कडक थर चढवताना प्रत्येक लोडमागे त्याचं थोडं ॲल्युमिनियम ॲसिडात उतरतं. थोडं असावंच लागतं, पण हद्दीबाहेर गेलं की व्होल्टेज चढतं आणि जॉबच्या कडा जळतात. आणि तू म्हणायचीस, "अगं, दोन लोड तर निघतील अजून. ओढ की!"

एकदा ओढलं होतं, आठवतं? सिलिंडरच्या नळ्यांच्या कडा जळाल्या, बोट लावलं तर भुकटी हाताला येत होती. तू मला काही बोलली नाहीस. गाडी काढलीस आणि थेट त्या गिऱ्हाइकाच्या कंपनीत जाऊन सांगितलंस, "चूक माझी आहे. विद्या थांबवत होती, मीच ऐकलं नाही." हे मला तुझ्याकडून नाही, त्यांच्या इन्स्पेक्टरकडून कळलं. मला का नाही सांगितलंस कधी?

या वेळी कंपनीला फोन मी केला. पर्चेसचे देशमुख ऐकूनच घेईनात.

"मॅडम, नंदाताई असत्या तर माल वेळेत आला असता."

मी म्हटलं, "माल येईल, पण टाकी सुधारल्यावर." त्यांनी अर्धी ऑर्डर दुसरीकडे वळवली.

आज टँकर जुनं ॲसिड घेऊन गेला, टाकीत तेवढं नवं भरलं आणि मागोमाग पिंपळगावहून तुझे भाऊसाहेब आले. बायकोचा कारखाना कसा चालतो ते बघायला हा माणूस आजवर कधी आत आला होता का गं?

"ताई, लय ओढाताण होतीय तुमची," ते म्हणाले. "शेड विकून टाकू. गिऱ्हाईक हाय एक."

मनापासून म्हणत होते. आणि खरं सांगू? हो म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेव्हा टाकीत नमुन्याचा तुकडा लागलेला होता. म्हटलं, "एवढा निघू द्या, मग बोलू."

ते स्टुलावर बसून राहिले. जरा वेळाने विचारलं, "सगळंच जुनं का नाय काढलं?" मी सांगितलं, अगदी कोऱ्या ॲसिडातही थर धड बसत नाही, थोडं जुनं ठेवावंच लागतं.

तुकडा निघाला. एकसारखा गडद राखाडी, कडा शाबूत. भाऊसाहेबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"ह्याच्यापायी ती फोनवर तुमच्याशी भांडायची व्हय? मला वाटायचं, तुमचं दोघींचं पटत नाय."

मला हसू आलं, नंदा. आणि हसता हसता रडूच फुटलं.

"पटायचं हो," एवढंच म्हणता आलं.

भाऊसाहेब उठले. "मंग ऱ्हाऊ द्या. तुम्ही सांगाल तवा बघू."

म्हणजे हेही माझ्यावरच आलं! देशमुखांचा उरलेला निम्मा माल उद्या लावणार आहे. गेलेला निम्मा परत येईल का, ठाऊक नाही. हल्ली सकाळी शेडचं शटर वर करतानाच खांदे भरून येतात.

तरी एक शब्द देते. फोन मी घेईन, बोलणीही मीच खाईन, पण ॲल्युमिनियम चढलं की समोर कुणीही ओरडो, टाकी थांबेल. आणि ज्या दिवशी तेवढंही झेपणार नाही, त्या दिवशी भाऊसाहेबांना सरळ सांगेन. पण दमले म्हणून जळका माल तुझ्या नावावर बाहेर जाऊ देणार नाही.

तुझीच,
विद्या