आत्याचे गुडघे आणि माझी नागपूरची जागा

गोंडपिपरी

ती. अजयमामांना दिव्यानीचा वाकून नमस्कार.

तुमची शुगर आटोक्यात असावी, आणि नसली तरी मामींना तसं सांगितलेलं असावं. इकडे बाबा ठीक. जेवतात, झोपतात, बोलत तेवढे नाहीत. आमच्या घरचा फोन तुम्ही वर्षभर उचलत नाही, म्हणून हे पत्र.

तर मामा, एमबीबीएसनंतर पुढे कशात आणि कुठे शिकायचं, हे परीक्षेतल्या नंबरावरून ठरतं असा माझा समज होता. आपल्याकडे ते मंडईत ठरतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला अख्खं गणगोत घरी उतरलं आणि ज्याचं जे दुखत होतं त्याचीच मला डॉक्टर करून मोकळं झालं. वच्छलाआत्याला गुडघ्यांची हवी होती. (हाडांकडे मुली फारशा जात नाहीत म्हटलं, तर म्हणते, गुडघे काय फक्त गडीमाणसांनाच असतात?) सगळ्यात खोल विचार निकेशच्या आईनं केलेला. निकेश म्हणजे मंडईच्या निमित्तानं मला बघायला आलेला, तुमच्याच भद्रावतीचा, बँकेतला. त्याच्या आईला कातडीची डॉक्टर चालणार होती, कारण कातडीवाल्यांना रात्री कोणी उठवत नाही. आणि कॉलेज चंद्रपूरचंच हवं, म्हणजे सून संध्याकाळच्या बसनं येऊन स्वयंपाकाला लागेल. (निकेश मान हलवत होता. तो सगळ्यालाच हलवतो.) मी मानसोपचार म्हटलं आणि बाईंना एकाएकी परतीची बस आठवली. चार दिवसांनी निरोप आला: पोरगी चांगली आहे, पण घरात कोणी तसं आहे काय? तेव्हा बाबा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. निकेश गेल्याचं मला काही वाटलं नाही. तो प्रश्न मात्र फार लागला.

एवढं होऊनही कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत मी चंद्रपूरच पहिलं भरलं, बाबांसाठी. मिळालं मानसोपचारच, पण नागपूरला. यादी भरत होते तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले, मोबाइलमध्ये डोकावले आणि म्हणाले, "तुह्या आईले कोणता डाक्टर पाह्यजे होता?" कित्येक महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. मी रेंज गेल्याचं सोंग केलं.

वीस तारखेला रुजू व्हायचं आहे. मामींना नमस्कार, शुगरला जपा.

तुमची
दिव्यानी

ता. क. बाबांना डबा आत्या देणार आहे. (गुडघ्यांचा राग भाजीत उतरतो. तिखटावरून कळतं.)

ता. क. दुसरा: खरं काम हे. आईच्या तेरवीला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "भाऊजी, तुमी वेळेवर नेलं असतं त माही बहीण वाचली असती." तुम्ही दुःखात बोललात, पण बाबांनी ते धरून ठेवलं. मी आईचे कागद दहादा वाचलेत, मामा. डोक्यातली नस फुटली होती. दवाखान्याच्या दारात असती तरी गेली असती. बाबांना सांगून पाहिलं. घरच्या डॉक्टरचं कोण ऐकतं? तुमचं ऐकलं त्यांनी. म्हणून वीस तारखेच्या आत एकदा या, आणि त्यांची चूक नव्हती एवढं तुमच्या तोंडानं सांगा.

ता. क. तिसरा: तुमच्या क्वार्टरचा नंबर मला आठवेना. बाबांना विचारलं. त्यांनी पाकीट ओढून घेतलं आणि पत्ता लिहून दिला. अक्षर तुम्ही ओळखलंच असेल.