परत!

४ एप्रिल १९८३, लातूर
जिचा चेहराच आता आठवेनासा झालाय, तिची आठवण येते तेव्हा नेमकं काय येतं? मला सांगता येत नाही. पण आज रडगाणं नको! घरातली पहिली पदवीधर नव्या जिल्ह्याच्या माहिती कचेरीत नोकरीला लागली. बाहेर दुष्काळ असला तरी कचेरीतला माठ भरलेला आहे आणि माझं टेबल डुगडुगत नाही. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी गुरुबसप्पा साहेबांची जुनी रिळं लावायची आहेत. साहेब दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात समाचारपटाचे कॅमेरामन होते. पुढे पूर, दंगली, दुष्काळ. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आमच्या बिलोलीजवळ खडीच्या कामावरही चित्रण केलं. त्याच कामावर माय गेली. तिचा एकही फोटो नाही. कदाचित त्या रिळात ती असेल.

७ एप्रिल
आज लढाईचं रीळ. एक शिपाई गोळी लागून पडतो. साहेब खुशीत सांगत होते, पहिल्यांदा नीट आलं नाही, म्हणून ओरडलो, "परत!" जखमी माणसाला उठवून पुन्हा पाडलं? मी विचारलं, तर हसले. "माणसाला धड मरता बी येत न्हाई, पोरी. शिकवावं लागतंय."
असल्या माणसाला सरकारने शाल पांघरवली आहे.

११ एप्रिल
साहेब पडद्याकडे बघून अजून सवयीने "परत!" ओरडतात. आज ओरडले आणि पडलेला शिपाई उठला. रीळ उलटं फिरवलं असेल म्हणून बघितलं. सुलटंच चाललं होतं.
साहेबांच्या लेखी परत म्हणजे पुन्हा. मेलेल्यांना वाटत असेल, घरी बोलावलं.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. पांढरी साडी नेसून मिरवणुकीला निघाले, तोच साहेबांचा निरोप आला: बिलोलीचं रीळ सापडलं. धावत गेले.
माय होती. डोक्यावर खडीची पाटी. पाठमोरी. पडली.
"थोबाड न्हाई आलं. परत!"
उठली. पुन्हा पडली. मान थोडी वळली होती.
मग मीच म्हणाले, परत.

१५ एप्रिल
चेहरा दिसला. ओठ फुटलेले. रिळाला आवाज नाही, पण ओठ वाचता आले: पुरं गं, पंचे.
माझंच नाव. मला ओळखलं तिने.

१६ एप्रिल
साहेबांना हात जोडले, प्रदर्शनात हे रीळ लावू नका. म्हणाले, उद्यापासून आठवडाभर चालू ठेवू. "पडू दे की दिवसभर. तिला काय काम हाय आता?"
दिवसभर. माय —

१७ एप्रिल
सकाळी कचेरीमागे रीळ जाळलं. राख चाळून पाहिली. माय आता पडणार नाही.
साहेब दारात आहेत. कधीपासून? डोळ्याला कॅमेरा. रागावले नाहीत. म्हणतात, जाळ झकास आला, पण पोरी, तू पाठमोरी होतीस —
"परत!"
मी लिहीत बसलेलीच आहे. पाय मात्र आपोआप उठलेत. हातात काडीपेटी, आणि पदराला धूर —