आठव्या अध्यायाआधीचा उतार

तीर्थस्वरूप ताईंच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार (तूर्त मनानेच, देहाची आठांपैकी तीन अंगे रजेवर आहेत).

आपला डावा गुडघा, श्वास आणि भाच्यांवरील धाक ही तिन्ही पूर्ववत असतील, अशी ईश्वरापाशी प्रार्थना करून पत्रास आरंभ करतो. अक्षर पाहून आपण चकित झाला असाल. ते माझे नव्हे. माझा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत बांधलेला असून लेखणी आपल्या भावजयीच्या हाती आहे. मी सांगेन ते अक्षरशः उतरावे, पदरचे काही घालू नये, असे वचन मी तिच्याकडून घेतले आहे. (यांनी घेतले आहे. मी दिलेले नाही. — लिहिणारी.)

प्रकरणाचा उगम आपल्या भाचीत आहे. ती हाडांची डॉक्टर झाल्यापासून मला पिता न समजता एक सांगाडा समजते, हे आपण जाणताच. तिने माझे गुडघे तपासून आज्ञा केली की, यापुढे सिमेंटवर चालणे बंद. रोज सकाळी मातीच्या वाटेने, मऊ तळाचे काही पायात घालून चालावे. लेकीचे ऐकणे हा वृद्धापकाळातील पहिला धर्म जाणून मी दुकानात गेलो आणि विचारले की, खडबडीत जमिनीसाठी ज्याचा तळ सर्वांत मृदू, असे पादत्राण कोणते? दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले आणि आतून एक जोड आणून पुढे ठेवला. पाऊल ठेवण्यास फळी, नडगीपर्यंत पट्ट्या, पोटरीमागे एक छोटा टेकू, आणि फळीच्या पुढे एक व मागे एक अशी ताटलीएवढी दोन चाके. तीही रबरी, सायकलीसारखी, पोटात हवा भरलेली. यांस स्केट्स म्हणतात. मातीतून, गवतातून, खड्यांवरून सारखेच धावतात. मी साशंक मुद्रा केली तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, याहून मऊ तळ जगात नाही. खाली नुसती हवा आहे!"

ताई, ज्याने पन्नास वर्षे पंचप्राणांवर निरूपण केले, त्याच्या कानी हे वाक्य पडल्यावर तो दुकानातून रिकाम्या हाताने कसा परतावा? घरी येताच आपली भावजय दारातच म्हणाली, "हे काय? एक सायकल डाव्या पायाला, एक उजव्या?" अज्ञानी जनांच्या उपहासास उत्तर देऊ नये, असे वचन आहे. मी जोड घेऊन आत गेलो.

जोडासोबत एक पुस्तिका होती. नऊ अध्यायांची, आटोपशीर आणि (मुद्रणदोष वगळता, ते मी तांबड्या शाईने दुरुस्त केले) मोठी शिस्तबद्ध. प्रथमाध्यायात निर्मात्यांची स्तुती, दुसऱ्यात अवयवांची नावे, तिसऱ्यात हवा, चौथ्यात पट्ट्या, पाचव्यात उभे राहणे, सहाव्यात चालणे, सातव्यात उतार, आठव्यात थांबणे, आणि नवव्यात दोन वर्षांची हमी, म्हणजे साक्षात फलश्रुती. आता आपण मला आठव्या वर्षी घालून दिलेला नियम स्मरावा. रोज एकच अध्याय. वाचलेला आचरणात आणल्याखेरीज पान उलटायचे नाही. मी एकदा चोरून शेवटचे पान पाहिले, तेव्हा आपण मला पहिल्या ओळीपासून पुन्हा बसवले होते. त्या दिवसापासून चौसष्ट वर्षांत या हाताने पुढचे पान आधी उलटलेले नाही. (आपली भावजय याच्या नेमकी उलट, कोणताही ग्रंथ ती शेवटाकडून उघडते. हा दोष मी चव्वेचाळीस वर्षे पोटात घालीत आलो आहे.)

त्याप्रमाणे स्नान आटोपून, आसनावर बसून, नित्य एक अध्याय वाचू लागलो. तिसऱ्या दिवशी हवा भरली. पूरक उत्तम साधले, परंतु डाव्या मागच्या चाकास कुंभक जमेना. रात्रभर त्याचा रेचक चालू होता. पाचव्या दिवशी उभे राहण्यासाठी कपाटाचा आधार घेतला, आणि ज्या कपाटास आपण घराचा आधारस्तंभ समजत होतो ते मुळात चाकांवर आहे, हा साक्षात्कार झाला. आम्ही दोघे स्वयंपाकघरापर्यंत सोबतच गेलो. सहाव्या दिवशी घरामागच्या मातीच्या वाटेवर वीस पावले चाललो. पोटरीमागील टेकूचे प्रयोजन दुसऱ्या अध्यायात नव्हते. तो आरामासाठी असावा असे अनुमान करून मी त्यास स्पर्शही होऊ दिला नाही. ज्याने आपल्या धाकात राहून जन्मात कधी भिंतीला पाठ टेकली नाही, तो पोटरी टेकील काय?

सातव्या दिवशी उतार. अध्यायात लिहिले होते : गुडघे किंचित वाकवावे, दृष्टी समोर ठेवावी आणि पुढील अध्यायात सांगितल्याप्रमाणे थांबावे. पुढील अध्याय म्हणजे उद्याचा अध्याय. ग्रंथाने ज्ञान जेव्हा द्यायचे तेव्हाच ते दिले आहे, या श्रद्धेने मी उताराच्या माथ्यावरील पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो, नामस्मरण केले आणि एक पाऊल टाकले. त्यानंतर मी दुसरे पाऊल टाकल्याचे मला स्मरत नाही.

ताई, काय सांगू! खडे आले, ते कळले नाहीत. गवत आले, ते गादीसारखे लागले. पन्नास पावलांवर मी टपालवाल्याच्या सायकलीस मागे टाकले; साठी उलटल्यापासून मी कुणासही मागे टाकल्याचा हा पहिलाच प्रसंग. वळणावर माझ्या नित्य श्रोत्यांपैकी निवृत्त मुख्याध्यापिका चढून येत होत्या. त्यांनी मला पाहून भक्तिभावाने हात जोडले. मीही जोडले. हीच चूक झाली, कारण तोल सांभाळण्याचे काम तोवर हातांकडे होते. पुढचा प्रवास मी एका पायावर केला. कोणत्या, ते सांगता येत नाही. आणि ताई, तेव्हा माझ्या मुखातून एक आरोळी निघाली. ती भयाची नव्हती. आनंदाची अकरा लक्षणे मी झोपेतून उठवले तरी क्रमाने सांगतो. त्या उतारावर त्यांपैकी एकही आठवले नाही. मी नुसता हसत होतो, ताई, तोंड उघडे टाकून, आपण मला झोक्यावर उंच ढकलत होता तेव्हा हसे तसा.

उताराच्या तळाशी सुताराचा कारखाना आहे. ईश्वरी योजना पाहावी : फाटक सताड उघडे, आणि त्याच्या तोंडाशी छातीभर उंच भुशाचा ढीग. मी त्यात छातीपर्यंत प्रविष्ट झालो. सुतार रंधा बाजूस ठेवून, हाताची घडी घालून उभाच होता. "या आजोबा," तो म्हणाला, "तुमचीच वाट बघत होतो." कारागिरांत इतका शिष्टाचार अद्याप उरला आहे, हे पाहून मला गहिवरून आले. मनगट दुखावले ते पडताना नव्हे, उठताना. चाके अजून पायातच आहेत, हे मी भुशात विसरलो होतो.

आपल्या भाचीने पट्टी बांधता बांधता निर्णय दिला : येत्या रविवारी ती येऊन स्केट्स उचलून नेणार. मी तिला शांतपणे म्हणालो, "ने." मला हर्ष नाही, खेद नाही. वस्तू येतात, वस्तू जातात. मी त्या जोडाचा मनाने त्याग केला असून तो माझ्या उशाशी ठेवला आहे तो केवळ धूळ बसू नये म्हणून. खरोखरच खेद नाही. आपणास काळजी नसावी.

आपल्या आशीर्वादावर उभा (आणि तूर्त बसलेला),
आपला धाकटा

ताजा कलम : खेद नाही, तथापि आपला शब्द या घराण्यात आजवर कुणी ओलांडलेला नाही. रविवारपूर्वी आपल्या भाचीस आपल्या हातची दोन ओळींची आज्ञा पोहोचली की, "जोडास हात लावशील तर खबरदार," तर तिच्याकडून पितृद्रोहाचे पातक टळेल. हे मी तिच्याच कल्याणासाठी सुचवीत आहे.

पुन्हा ताजा कलम : सातव्या अध्यायाचे आचरण भुशात खंडित झाल्याने नियमाप्रमाणे तो मला पुन्हा करावा लागेल, आणि सुतारापाशी रोज एवढा भुसा असेलच असे नाही. तरी ताई, चौसष्ट वर्षांत प्रथमच मागतो : एक पान, फक्त एकच पान आधी उलटण्याची अनुज्ञा द्यावी.

वन्सं, नमस्कार. इथून मजकूर माझा. डाव्या हातानं सही करून (वर ती गांडुळासारखी रेघ दिसते ना, तीच) हे आत आडवे झालेत. एकदा सांगितलेलं पुन्हा वाचायची ह्यांना सवय नाही, म्हणून बिनघोर लिहिते. ती पुस्तिका घरात आली त्याच दुपारी मी शेवटून वाचली. थांबायचं असलं की पाऊल जरा पुढं घ्यायचं आणि पोटरी मागच्या त्या टेकूवर रेटायची. झालं! सांगायला गेले, तर कानांवर हात ठेवून म्हणाले, "पुढचं सांगू नकोस." मग मी काय केलं, रोज एक अध्याय म्हणजे उतार कुठल्या दिवशी येतो ते बोटांवर मोजलं आणि आदल्या संध्याकाळी सुताराला सांगून आले : भाऊ, उद्या सकाळी सगळा भुसा फाटकाशी ओढून ठेवा आणि फाटक लावू नका. माणूस नेमका तिथंच जाऊन पोचतो, हे मला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी दुपारी, हे असेच झोपलेले असताना, मी स्वतः उतरून पाहिलं होतं. पट्ट्या आवळल्या की माझ्याही पायाला नीट बसतात, आणि थांबतातही छान. हे हसले म्हणतात ते खरं आहे, वन्सं. वरपर्यंत ऐकू आलं मला.

तेव्हा आमच्या लेकीला जरूर दटावा. ह्यांना पानाची परवानगी मात्र महिनाभरानं द्या. मनगट बरं व्हायला हवं, आणि तोवर दुपारचे स्केट्स मोकळेच असतात.