बोमचा शंभरावा विमानप्रवास

बुचॉन, ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्या बोमचा सा. न. वि. वि.

हे पत्र येईल तेव्हा तू नुकतीच समुद्रातून वर आलेली असशील. आधी अंग कोरडं कर, काही गरम पी आणि मगच वाच. पुढचं वाचून तू मला वेड्यात काढणार आहेस, निदान ते थंडीत कुडकुडत नको.

येत्या एप्रिलात माझा शंभरावा विमानप्रवास आहे. हसू नकोस! सगळं आयुष्य शहरातली बस चालवण्यात गेलं, मान वर करून विमान बघायचीसुद्धा सोय नव्हती. ह्ये-रानची आई गेली, पोर शाळेत शिकवायला बुसानला, घर खायला उठलं, म्हणून मी उठून तुझ्याकडे आलो, तेव्हा पहिल्यांदा विमानात बसलो. तिथून जी चटक लागली ती लागलीच. आडवारची, सकाळची, कोणाला नको असलेली स्वस्त तिकिटं मी हेरून ठेवतो. पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं, गुडघे पुढच्याच्या पाठीत रुततात. पण खिडकीबाहेरचं आकाश काही स्वस्तातलं म्हणून कमी दाखवत नाहीत.

तर बेत असा. नव्याण्णवावा प्रवास तुझ्याकडे येण्याचा. शंभरावा, १६ एप्रिलला, तुला बरोबर घेऊन जेजूहून सोलला. तीन सीटची अख्खी रांग धरून ठेवली आहे. केक मी आणणार. तुझं घर विमानतळाला खेटून, दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, आणि तू मात्र माझ्या लग्नाला आलीस तीही बोटीतून, वाटभर ओकत. आता एकदा वरून ये. फक्त आधीचे दोन दिवस बुडी मारू नकोस. बुडी मारून लगेच उडणं बरं नाही, असं डॉक्टर सांगतात.

नाही म्हणू नकोस. तुझ्या लोभावरच माझी उड्डाणं चालतात.
तुझा, बोम


दोदू, जेजू, ११ मार्च

चि. बोम यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं. शेजारच्या ओक-बूनलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली की तुझा भाऊ बसून प्रवास करतो त्याचा केक कापणार, तर आपण सतराव्या वर्षापासून श्वास कोंडून समुद्राच्या तळाला जातोय, आपल्याला निदान बेकरी काढून द्यायला हवी. मला पटलं.

इकडे शंखांचा हंगाम जोरात आहे. समुद्र नितळ असताना दोन दिवस काठावर बसून राहायचं म्हणजे लग्नघरात उपास. शिवाय माझे कान. एक तर समुद्राने कधीच खाल्ला, दुसरा अर्धामुर्धा उरलाय. तो तुझ्या त्या डब्यात फुटला तर? पाण्यात मला तळ कुठे आहे ते ठाऊक असतं. हवेत तळ कुठे रे?

आता मुद्द्याचं विचारते. माणसं दोन आणि सीट तीन कशाला? तिसऱ्या सीटवर केक बसणार का?

मला ऐकू येत नाही, पण दिसतं. गेल्या खेपेला तू तिळाच्या पानांची किमची आणलीस, ती ज्या कापडात बांधली होती त्याची गाठ तू मारलेली नव्हतीस. तुझ्या बुटाची नाडी अजून कुत्र्याने चावल्यासारखी असते. तुझ्या शर्टाच्या बाह्यांना इस्त्री होती. तुझी बायको गेल्यापासून, सहा वर्षांत पहिल्यांदा. कोण आहे ते लिही. तोवर मी काही येत नाही.

जेवत जा. जसा आहेस तसा आवडतोस, पण बनवाबनवी नको.
ताई


बुचॉन, १९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्यासारखी बाई पोलिसात हवी होती.

त्यांचं नाव नाम ग्युंग-ओक. आमच्या बाजारात त्यांचं तयार भाज्यांचं, किमची-लोणच्यांचं दुकान आहे, पण ओळख झाली ती विमानात. जेजूवर वारा कसा असतो ते तुला सांगायला नको. एकदा उतरताना विमान असं हललं की शेजारच्या बाईंनी माझी बाही गच्च धरली आणि बटण तोडलं. खाली उतरल्यावर त्यांनी पर्समधून सुई-दोरा काढला आणि मला तिथेच, सामान येतं त्या पट्ट्यापाशी उभं करून बटण शिवून दिलं. लोक बघत होते. पुढे आम्ही एकाच दिवसाची तिकिटं काढू लागलो. त्या तुझ्या बेटावर पायवाटा चालायला येतात. मी कशाला यायचो हे मलाही नीट सांगता येत नाही.

ह्ये-रानला सांगितलं. ती बुसानहून फोनवर एवढंच म्हणाली की आत्याला विचारा, आत्या हो म्हणाली तर माझं काही नाही. म्हणून ही तिसरी सीट. ताई, ह्ये-रानच्या आईवर तुझा किती जीव होता ते मला माहीत आहे. तू नको म्हणालीस तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पण न बघता नको म्हणू नकोस.

रागावलीस तरी पत्र टाकत राहा.
बोम


दोदू, २५ मार्च

चि. बोम यास, आशीर्वाद.

चौसष्ट वर्षांचा घोडा झालास आणि परवानगी मागतोस. लाज नाही वाटत?

आणि खरं सांगू, मला वाईट वाटलं. तुझी बायको दर उन्हाळ्यात यायची ती माझ्या पाठीला तेल चोळायला. माझ्या सख्ख्या बहिणींनी तेवढं केलं नाही. तिचं श्राद्ध झालं की दोन दिवस मला घास गोड लागत नाही, आणि तू इकडे बटणं शिवून घेत होतास.

तुम्ही दोघं जा आणि केक खा. माझ्यासाठी दोन दिवस समुद्र अडून राहणार नाही.

आशीर्वाद आहेत, पण या वेळी जरा लांबूनच.
ताई


बुचॉन, १ एप्रिल

ती. मल-सून ताईंना,
अनोळखी नाम ग्युंग-ओकचा सा. न.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही, म्हणून लिहिते. अक्षर दुकानातल्या पाट्यांसारखं आहे, सांभाळून घ्या.

१६ तारखेच्या विमानात मी येणार नाही, एवढंच कळवायचं आहे. शंभरावा प्रवास एकदाच येतो आणि तो तुम्हा बहीण-भावाचा असावा. तुमचे भाऊ सांग-बोम तुमच्याशिवाय जायला तयार नाहीत. आठवडाभर विमानाचं नावसुद्धा काढलेलं नाही. बाजारात येतात, मुळे निवडतात आणि न घेताच निघून जातात.

आणखी एक. तुम्हाला वाटत असेल की मी तुमच्या भावजयीची जागा घ्यायला निघाले आहे. ताई, आमच्या सुरुवातीच्या चार-पाच प्रवासांत मी त्यांच्याबद्दलच ऐकत होते. मुळ्यात मीठ जास्त घालायच्या, चिडल्या की भांडी आपटत नसत, खिडक्या पुसायच्या, हे मला माहीत आहे. मीही माझ्या नवऱ्याला पोचवून आले आहे. माझ्याकडे ऐकायला वेळ होता, म्हणून ऐकलं.

तुम्ही मला न बघताच नापसंत केलंत, याचा मला राग नाही. मीही भाज्या बऱ्याचदा लांबूनच नाकारते. त्यांतल्या काही चांगल्या निघतात.

वयाने धाकटी म्हणून चुकलं-माकलं पोटात घाला.
नाम ग्युंग-ओक


दोदू, ६ एप्रिल

नामबाई यांस, स. न.

सीट घेतलेली आहे तर या. मधली जागा मात्र माझी. तुम्हा दोघांच्या मध्ये बसूनच मी काय ते बघणार आहे.

१४ तारखेपासून मी पाण्यात उतरत नाही, असं बोमला सांगा. त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

मल-सून


दोदू, २४ एप्रिल

चि. ह्ये-रान हिला,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

पोरी, तुझी आत्या आकाशातून जाऊन आली. शाळेतल्या मुलांच्या परीक्षा म्हणून तुला येता आलं नाही, तेव्हा सगळं नीट सांगते.

सकाळी निघायचं तर वारा सुटला. आमच्या वाऱ्याला तुझ्या बापाच्या शंभराव्या प्रवासाचं काय कौतुक! फलकावर एकेक विमान मागे सरकायला लागलं. आम्ही तिघं बाकावर ओळीने, जत्रेत चुकलेली पोरं जशी बसवून ठेवतात तशी. बोम केकचा खोका मांडीवर घेऊन बसलेला, घामाने क्रीम नव्हे, तोच वितळत होता. मी शेवाळाच्या पानात भात वळून गिम्बाप करून नेलं होतं. नामबाईंनी त्यांचा डबा उघडला. मी त्यांच्या डब्याला हात लावला नाही. त्यांनी माझं गिम्बाप तीन वेळा मागून घेतलं. हुशार बाई, असं मी मनात म्हटलं.

सगळे माझ्याशी ओरडून बोलतात, तुला माहीत आहे. तिकीट तपासणारा ओरडला, तुझा बाप तर असा ओरडतो की बहिरं नसलेलं माणूसही बहिरं व्हावं. ही बाई ओरडली नाही. बोलायचं झालं की माझ्यासमोर तोंड आणायची आणि सावकाश बोलायची. बस.

दुपारी एकदाचे आत गेलो. खिडकीत बोम, मध्ये मी, कडेला त्या. विमान पळायला लागलं तेव्हा मी दोघांचे हात धरले, ते कोणाचे आहेत हे न बघता. कान दुखला, पण पाण्यात दुखतो तेवढाही नाही. मग बोमने मला कोपराने ढोसलं आणि खाली दाखवलं. ह्ये-रान, खाली आमचा समुद्र होता आणि त्यावर नारिंगी ठिपके. आमचे भोपळे! बुडी मारताना आम्ही धरतो ते तरंगते. ओक-बून आणि आमच्या सगळ्या बाया वारा पडल्याबरोबर पाण्यात उतरल्या होत्या. एवढी वर्षं मी त्या ठिपक्याखाली होते. तो इतका लहान दिसतो आणि आजूबाजूला इतकं पाणी असतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि अभिमानही वाटला. ठिपके ढगाआड जाईपर्यंत मी तुझ्या बापाच्या अंगावर रेलून बघत होते.

थोड्या वेळाने सगळं विमान एकदम टाळ्या वाजवायला लागलं. मला वाटलं, पडतंय आणि लोक देवाला आळवतायत. मी डोळे मिटून घेतले. नामबाईंनी माझा हात थोपटून डोळे उघडायला लावले आणि सांगितलं की त्या हवाईसुंदरीने तुझ्या बापाचं नाव घेऊन शंभराव्या प्रवासाचं अभिनंदन केलंय. बोम उभा राहून चारी दिशांना वाकत होता. त्याचं डोकं वरच्या कप्प्यावर आपटलं, तर आणखी टाळ्या. मागची एक छोकरी त्याच्याबरोबर फोटो काढून गेली.

आता ऐक. तुझ्या बापाला धीर निघेना. माझ्या डोक्यावरून तो त्यांना काहीतरी बोलला. त्याचं तोंड मला दिसलं नाही, पण त्यांचं दिसलं. मला नुसते ओठ वाचूनही कळतं, हे त्या बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या की आज ताईंना काही विचारू नका, त्या पहिल्यांदा उडतायत, त्यांना बाहेर बघू द्या. आणि त्या नको म्हणाल्या तरी त्यांच्याकडे यायचं सोडू नका, मी दुकान सांभाळीन.

मी बोमला म्हटलं की मला खिडकीत बसायचंय. तो शंभराव्या प्रवासातली खिडकी सोडायला आधी तयार होईना. मी म्हटलं, ऊठ. पट्टा सोडून आमची फिरवाफिरवी झाली. मी खिडकीत, तो मध्ये, त्या कडेला. तरी त्या बाबाच्या डोक्यात प्रकाश पडेना. तो माझ्या गुडघ्यांना जागा आहे का, हेच बघत बसला. नामबाईंना मात्र कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या डब्याचं झाकण काढून तो बोमच्या हातून माझ्याकडे सरकवला. मी खाल्लं. मुळा चांगला होता, मीठ बेताचं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी तुझ्या आईच्या अस्थी ठेवल्यात तिथे गेले. तिला सगळं सांगितलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडलेही. बाहेर आले तेव्हा भूक लागली होती, यावरून मी समजले की तिची ना नाही.

येताना? विमानानेच आले, एकटी. बोटीत कोण ओकत बसणार!

आता तुला एक बोलते. बापाला आत्याला विचारा म्हणून सांगितलंस, ते चांगलं केलंस असं तुला वाटलं असेल. पण तो माझ्या होकारासाठी एवढा झुरत नव्हता गं. मी चार शिव्या देऊन शेवटी मऊ पडते, हे तो लहानपणापासून जाणतो. त्याला भीती तुझी आहे. तेव्हा माझ्या पदराआड लपू नकोस. तुझं हो असो की नाही, तुझ्या तोंडून असू दे. हे पत्र खाली ठेव आणि बापाला फोन लाव.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच दटावते.
आत्या


बुसान, २९ एप्रिल

ती. आत्यास,
ह्ये-रानचा सा. न. वि. वि.

पत्र आलं त्याच संध्याकाळी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून कागदावर लिहिलं होतं. बाबांनी उचलल्यावर त्यातलं एकही वाक्य वाचलं नाही. मी एवढंच म्हटलं की बाबा, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही दोघं बुसानला या.

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि फोनवर एका बाईंचा आवाज. बाबांनी फोन नामबाईंच्याच हातात दिला होता. आत्या, मी घाबरले. काय हाक मारायची तेच कळेना. आई म्हणणं मला जमणार नव्हतं आणि नामबाई म्हटलं तर दुकानात उभी असल्यासारखं वाटलं असतं. मी नुसतीच अं-अं करत होते. तर त्याच म्हणाल्या की हाक काय, सवडीने ठरव, घाई नाही. आधी सांग, बुसानला येताना तुझ्यासाठी काय करून आणू?

आणि मी, आत्या, विचार न करता म्हणून गेले की मुळ्याची किमची. जरा खारट.

त्या म्हणाल्या की ती कशी करायची ते मला तुझ्याकडूनच शिकावं लागेल.

आम्ही दोघी सुट्टीत ती करणार आहोत. तूही ये. बुसानलाही विमान येतं.

तुझ्या दटावणीची भुकेली,
ह्ये-रान