बूट घातलेलं बदक आणि फळीवरचं शून्य

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे तूर्त लेखीच). आईचे गुडघे, भाओजींचा खोकला आणि तुमच्या नव्या घराचा गळका नळ, तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल. 'दारावरची पाटी झाली का' या तुझ्या चौथ्या निरोपाचं उत्तर याच पत्रात आहे, पण ते मधूनच शोधू नकोस. क्रमाने वाच, म्हणजे राग जरा जिरत जाईल.

बाबांच्या टेबलाची सागवानी फळी तू माझ्या हवाली केलीस, तेव्हा भाओजी म्हणाले होते, "एकच आहे हो, जपून." (मी हे कोरकामाचं यंत्र घेतलं त्या दिवसापासून ते माझ्याशी डॉक्टरांनी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं बोलतात.) यंत्र गुणी आहे. आपण संगणकावर नाव काढायचं, फळी शिकंज्यांनी घट्ट आवळायची आणि फिरत्या पात्याला सांगायचं की बाबा रे, इथून मोजायला लाग. त्या जागेला शून्य म्हणतात. पातं किती खाली आणायचं, तेही दाखवावं लागतं. त्यासाठी फळीवर कागद ठेवून तो सरकवत राहायचं आणि पातं हळूहळू उतरवायचं. कागद अडखळला की थांबायचं. मी तुझाच तिसरा निरोप लिहिलेला कागद वापरला. तो लगेच अडखळला. तुझं बोलणं कुठेही अडवतं.

पुढचं सांगतो. शून्य मी ठेवलं फळीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, अगदी रेघेवर, भिंग लावून. चित्राचं शून्य मात्र संगणकात मधोमध होतं. मी बटण दाबलं आणि हाताची घडी घालून कौतुकाने उभा राहिलो. यंत्राने बिचाऱ्याने सांगितल्याबरहुकूम फळीचा कोपरा हाच पाटीचा मध्य धरला. परिणामी तुझ्या नावाचा उत्तरार्ध तेवढा फळीवर उतरला, पूर्वार्ध हवेत गेला आणि खालच्या ओळीतले भाओजी तर संपूर्णपणे हवेतच कोरले गेले. त्यांच्या आडनावापाशी लोखंडी शिकंजा आडवा आला, पातं मोडलं आणि तुकडा माझ्या कानावरून गेला. (कान आहे.)

तुझी भावजय शिलाई मशीन सोडून बाहेर आली. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मी परक्याचं साधं झबलं बेततानासुद्धा आधी टाचून बघते. तुम्ही सासऱ्यांच्या फळीवर थेट कात्री चालवलीत?" मी म्हटलं, शून्य तर बरोबर होतं. तर म्हणे, शून्य तुमचं नेहमीच बरोबर असतं, फक्त जागा चुकते.

दोन दिवस मी त्या फळीकडे पाठ करून जेवलो. दुसरी कुठून आणणार होतो? बाबांचं कोपर त्या लाकडावर तीस वर्षं टेकलेलं. तिसऱ्या दिवशी हिने विचारलं, उलटून बघितलीत का? उलटली. आणि ताई, त्या बाजूला एक बदक निघालं, कर्कटकाने कोरलेलं. त्याच्या पायांत बूट, आणि बुटांना नाड्या.

आठवतंय ना, टेबलावर ओरखडे काढले म्हणून बाबांनी माझं खेळणं महिनाभर बंद केलं होतं? कंपासपेटी माझी, म्हणून गुन्हाही माझा. मला पुरावा बघायलाही मिळाला नाही, कारण सुताराने त्याच दुपारी फळी उलटी करून ठोकली. आता आपल्या घरात बदकांना बूट घालणारी व्यक्ती एकच होती. तिच्या भूगोलाच्या वहीत तर बदकांना मोजेही असत. ही बदकाकडे बघून नुसती हसली. का, ते सांगेना.

या वेळी खडूच्या दोन तिरप्या रेघा मारून मध्य काढला, शून्य मध्यावर ठेवलं आणि पातं बोटभर उंच धरून अख्खी पाटी आधी हवेत गिरवून घेतली (हिच्या भाषेत टाचून). मग बटण दाबलं. पाटी देखणी झाली आहे. बदक खालच्या उजव्या कोपऱ्यात जसंच्या तसं आहे. त्याला जागा द्यायला भाओजींचं नाव थोडं बारीक करावं लागलं, ते त्यांना तूच समजाव.

तुझा धाकटा

ता. क. पाटी लावताना आईला दारात खुर्ची टाकून बसव. ती विचारेल, हे बदक कोणाचं? तेव्हा खरं सांग. बाकी मला काही नको.

ता. क. २. त्याच ओघात रेडिओचा विषय निघू देऊ नकोस. तो मोडल्याचा आळ तुझ्यावर आला आणि शिक्षा भोगत तू आठवडाभर रडलीस, ते मला ठाऊक आहे. पण तो मी उघडला होता. आतला माणूस बघायला.

ता. क. ३. पाटीच्या मागे हिरवं कापड लावलं आहे. ते शोभेसाठी आहे, काढू नये.

(वेगळ्या अक्षरात) वन्सं, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. कापडाची खालची कड मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे, उचलून तुमचं अर्धं नाव बघा. आणि बदक कोणाचं, रेडिओ कोणी उघडला, हे आईंना तेव्हाच कळलं होतं. दोघांनाही एकेक शिक्षा झालेली, म्हणजे फिटंफाट झाली, असं त्यांनी मला लग्नानंतर आठच दिवसांत सांगितलं होतं. तरी तुम्ही खुर्ची टाकाच. त्यांना ते तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल.